खानापूरच्या वाचकांस: ‘रिकामटेकडे’ या शब्दाबद्दल

नमस्कार. दिवसाच्या साठ घटकांतली एक रोज देवाला द्यावी, असं सांगणाऱ्या ‘साठातली एक घटका देवाची’ या माझ्या लेखावर तुमची प्रतिक्रिया वाचली. तुमचं म्हणणं असं की हरिपाठाचे अभंग २८, मी २७ लिहिले. ‘कायकवे कैलास’ या लिंगायतांच्या कन्नड वचनाप्रमाणं काम हीच पूजा, वेगळा वेळ कशाला. घरातल्या बाईला ही घटका कोण देणार. आणि शेवटी, ‘घड्याळ लावून देवापुढं बसणं हे रिकामटेकड्यांचे उद्योग.’

अभंगांचं मान्य. काही प्रतींत २७ असतात, काहींत २८. तसं लिहायला हवं होतं.

पण रिकामटेकडा? मी १९८६ ते २०१५ बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रीत, म्हणजे लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यात होतो. सकाळी सातची पाळी, वडगावहून सायकलनं. साडेचारला उठून आंघोळ, मग हरिपाठ. दिवसरात्रीच्या साठ घटका, एक घटका २४ मिनिटांची, आणि जरा भरभर म्हटला तर हरिपाठ तेवढ्यातच बसतो. हा हिशोब मी मठात शिकलेलो नाही, पाळी गाठायच्या धाकानं शिकलो. हातावर रसाच्या ठिणग्यांचे डाग अजून आहेत. रिकाम्या माणसाचे हात असे असतात का हो?

खरं तर एकदा मी रिकामा होतो. ऑर्डरी थांबल्या, सहा महिने कारखान्यानं घरी बसवलं. वेळच वेळ होता. आणि त्याच सहा महिन्यांत माझा हरिपाठ सुटला. सकाळचं दुपारी करू, दुपारचं दिवेलागणीला करू, असं करत दिवस मावळायचा. पाळी परत सुरू झाली तेव्हाच घटका परत आली. वेळ उरला म्हणून कुणी देवापुढं बसत नाही, हे मी भोगून सांगतोय. तुम्ही मात्र एका शब्दात निकाल लावून मोकळे.

‘देवाचिये द्वारीं उभा क्षणभरी’, म्हणजे क्षणभरही पुरे, घटका कशाला, असं कुणीही मला ऐकवील, म्हणून आधीच सांगतो. साच्यात रस ओतायला मिनिटभर पुरतं. पण त्याआधी कुपोला भट्टी पेटवून, कोकचा थर लालबुंद करून, मग लोखंड टाकावं लागतं. थंड भट्टीपुढं साचा धरून उभं राहिलं तर काय मिळणार? ज्ञानोबांचा तो क्षण यावा म्हणूनच दाराशी रोज जायचं.

‘कायकवे कैलास’ तुम्ही मला शिकवू नये. माझ्या शेजारी भट्टीवर काम करणारा लिंगायत होता, चचडीकडचा. आठ-दहा तास आगीपुढं राबायचा, पण घरी गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा केल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. ते वचन तो कन्नडमध्ये म्हणायचा, मी मराठीत समजून घ्यायचो. काम आहे म्हणून पूजा सोडली, असं त्याच्या तोंडून कधी ऐकलं नाही. सावता माळ्यांनी मळ्यातच विठ्ठल पाहिला हे खरं, पण आपण सावता माळी आहोत असं आधी म्हणायचं धाडस तरी हवं. माझ्यात नाही.

बायकांच्या वेळेचा मुद्दा वेगळा आहे, त्यावर कधीतरी लिहीन. आमच्या घरी तरी अडचण आली नाही. मी बसायचो तेव्हा हिचं पाणी तापत असायचं, डबा होत असायचा, आणि एवढ्या वर्षांत तिनं कधी तक्रार केली नाही.

प्रतिक्रियेखाली तुम्ही नाव दिलेलं नाही. हरकत नाही, मत तुमचं, ते इथं राहील. पुन्हा लिहिणार असाल तर जरूर लिहा, फक्त तो एक शब्द वगळून पाठवा, नाहीतर मी तो काढूनच लावीन.