बिल काढणं सोपं, पैसे जुळवणं अवघड : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया रागावून लिहिलेली असली तरी मुद्द्यांची आहे, त्यामुळे तिच्याखाली दोन ओळी खरडून मोकळं व्हावंसं वाटेना. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मागच्या लेखात मी म्हटलं होतं की फ्रीलान्स काम करणाऱ्याने क्लायंट, वेळ आणि बिलं सांभाळायला सॉफ्टवेअर घ्यायचं ठरवलं, तर आधी त्याची बिलाची बाजू तपासावी, बाकीचं नंतर. तुम्ही मुलुंडहून लिहिता, ग्राफिक डिझाइन करता, आणि तुमच्या हरकती तीन. एक्सेल असताना दरमहा पैसे भरायची हौस कशाला? तास मोजणं हे अमेरिकन खूळ. इथे क्लायंट ‘लोगोचे किती घेणार’ असं विचारतो, तासाचे किती असं नाही. आणि शेवटी, अशा शिफारशींमागे कमिशन असतं हे न कळण्याइतके वाचक भोळे नाहीत.

शेवटचं आधी संपवते. कमिशन नाही, लेखातली एकही लिंक तशी नव्हती, आणि या उत्तरात तर लिंकच नाहीत. पुढे.

एक्सेलवरून आपलं भांडण तुम्हाला वाटतं तेवढं मोठं नाही. चार-पाच ठरलेले क्लायंट, सगळे मुंबईतले, वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत म्हणून जीएसटी नोंदणी नाही, एवढाच कारभार असेल तर एक शीट झकास चालते. उलट अशा माणसाने तयार सॉफ्टवेअर घेतलं तर भलतीच पंचाईत होऊ शकते. काहींमध्ये बिलाच्या डोक्यावर आपोआप ‘टॅक्स इन्व्हॉइस’ छापलं जातं, आणि नोंदणी नसलेल्याने तसं बिल द्यायचं नसतं. तो मथळा बदलता येतो का हे बघेपर्यंत शीटमध्ये बिल तयार झालेलं असतं.

पण तुम्ही ‘तुम्हाला पुरतं’ असं नाही, ‘सगळ्यांना पुरतं’ असं लिहिलंय. टोरोंटोच्या माइक मॅकडर्मेंटची गोष्ट तुमच्याच धंद्यातली आहे. छोटी डिझाइन एजन्सी, बिलं वर्डमध्ये. एकदा नवं बिल जुन्या बिलाच्या फाइलवरच सेव्ह झालं आणि जुनं गेलं. वैतागून त्याने २००३ मध्ये जे उभं केलं त्याचं नाव फ्रेशबुक्स, बिलं काढायचं सॉफ्टवेअर. मागचं बिल उघडा, नाव आणि रक्कम बदला, ‘सेव्ह ॲज’ करा, ही पद्धत आपल्याकडेही सर्रास आहे. नोंदणी नसेल तोवर यात फार तर वैताग. जीएसटीत आलात की बिलाचा क्रमांक सलग हवा, त्या आर्थिक वर्षात तोच नंबर दुसऱ्या बिलावर येता कामा नये, आणि तो १६ अक्षरांपेक्षा लांब नको. एक बिल रद्द केलं म्हणून त्याची ओळ शीटमधून पुसून टाकली, की साखळीत भोक पडतं. चांगलं सॉफ्टवेअर बिल पुसू देत नाही, रद्द म्हणून ठेवतं किंवा क्रेडिट नोट, म्हणजे बिलाची रक्कम कमी केल्याचा कागद, काढायला लावतं. सुरुवातीला हा जाच वाटतो खरा.

मुंबईत आणखी एक मजा आहे. काम अंधेरीच्या ऑफिसात ठरतं, ब्रीफ तिथे मिळतं, चहासुद्धा तिथेच होतो, पण पीओ (कामाची लेखी ऑर्डर) येतो गुरुग्रामहून. जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात : महाराष्ट्र २७, हरियाणा ०६, कर्नाटक २९. ज्याचा नंबर २७ ने सुरू होतो त्याला ९ टक्के सीजीएसटी (केंद्राचा) आणि ९ टक्के एसजीएसटी (राज्याचा), बाकीच्यांना सरळ १८ टक्के आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा). बेरीज तीच येते, त्यामुळे चूक तुमच्या नजरेला पडत नाही. क्लायंटच्या अकाउंट्सच्या नजरेला मात्र पडते, आणि बिल परत येतं. मग नवं बिल, ते पुन्हा क्लायंटच्या वेंडर पोर्टलवर चढवणं, आणि तोवर त्या महिन्याची पेमेंट सायकल निघून गेलेली.

एवढं सगळं एक्सेलच्या फॉर्म्युल्यात बसवता येतं, असं तुम्ही म्हणाल. येतं. मी ज्यासाठी सॉफ्टवेअरची बाजू घेते ते कारण यापुढचं आहे, आणि परदेशी सॉफ्टवेअरही नेमकं तिथेच आपटतं : टीडीएस, म्हणजे क्लायंट तुमच्या पैशांतून आधीच कापून सरकारला भरतो तो कर.

६०,००० रुपये फी, त्यावर १८ टक्के म्हणजे १०,८०० जीएसटी, बिल ७०,८०० चं. कंपनी व्यावसायिक फीवर १० टक्के टीडीएस कापते. एका क्लायंटकडून वर्षाला ५०,००० च्या वर गेलं की कापायचा. एप्रिल २०२५ च्या आधी ही मर्यादा ३०,००० होती. जीएसटी बिलात वेगळा दाखवला असेल तर टीडीएस फक्त फीवर. म्हणजे ६,००० कापून तुमच्या बँकेत येतात ६४,८००. कुणी घाईत पूर्ण रकमेवर कापला तर येतात ६३,७२०.

टोरोंटो किंवा न्यूयॉर्कच्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून बनवलेलं सॉफ्टवेअर असं धरून चालतं की ७०,८०० चं बिल गेलं म्हणजे ७०,८०० येणार. ते तुमचं प्रत्येक बिल ‘अर्धवट भरलेलं’ म्हणून उघडं ठेवतं. वर्षअखेरीला थकबाकीचा आकडा बघावा तर भलताच फुगलेला, आणि खरी थकबाकी त्यात कुठे लपली आहे ते कळत नाही. त्यात आपोआप आठवण पाठवायची सोय चालू असेल तर आणखी शोभा. क्लायंटच्या अकाउंट्समधल्या ज्या काकांनी वेळेवर पैसे सोडले, त्यांनाच मेल जातो : तुमचे ६,००० थकले आहेत, कृपया त्वरित भरावे. पुढचं बिल ते काका कोणत्या फायलीखाली ठेवतील ते तुम्हीच ठरवा.

यावर लोक पळवाट काढतात ती याहून वाईट. बिल बंद व्हावं म्हणून ते ६,००० ‘डिस्काउंट’ म्हणून टाकून देतात. अहो, ते तुमचे पैसे आहेत. तुमच्या नावाने आधीच सरकारजमा झालेला कर आहे तो, आणि विवरणपत्र भरताना तो मागायचा असतो. क्लायंटने कापला पण भरलाच नाही, किंवा भरला आणि पॅन चुकीचा टाकला, तर तो २६एएसमध्ये (आयकर खात्याकडच्या तुमच्या कर-जमेच्या उताऱ्यात) दिसत नाही. दिसला नाही हे तुम्हाला कळणार कसं, जर तुमच्या वहीत ‘कोणी किती कापला’ हे कुठेच लिहिलेलं नसेल? म्हणून माझी पहिली परीक्षा हीच. कुठलंही सॉफ्टवेअर घ्या, त्यात तुमचं मागच्या वर्षीचं एक खरं बिल चढवा आणि पेमेंट नोंदवताना कापलेला कर वेगळा टाकता येतो का बघा. येत नसेल तर बाकीचे गोंडस आलेख बघत बसू नका.

परदेशी सॉफ्टवेअरातल्या ‘पे नाऊ’ बटणाचंही तेच. त्यामागे बहुधा कार्ड किंवा पेपाल असतं, आणि पेपालने भारतातल्या भारतात पैसे देण्याघेण्याची सेवा १ एप्रिल २०२१ पासून बंद केली आहे. तुमचा ठाण्याचा क्लायंट यूपीआय करणार, नाहीतर एनईएफटी. बिलावर बँकेचा तपशील आणि क्यूआर नीट छापता आला म्हणजे झालं. ज्यांचे क्लायंट परदेशात आहेत त्यांची गोष्ट वेगळी. त्यांना डॉलरमधलं बिल हवं, दर आर्थिक वर्षी एलयूटी (आयजीएसटी न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र) भरायचं, बिलावर तसा उल्लेख करायचा आणि बँकेकडून पैसे आल्याचा दाखला जपायचा. त्यांच्यावर कधीतरी वेगळं लिहीन.

आता उधारी. कुठलंही टेम्प्लेट सुंदर बिल काढून देतं. प्रश्न असतो ते बिल पाठवल्यावर काय होतं हा. जीएसटी तुम्हाला बिलाच्या तारखेनुसार भरायचा असतो, पैसे आले की नाही याच्याशी सरकारला देणंघेणं नाही. वरच्या उदाहरणात क्लायंटने तीन महिने लावले तर १०,८०० तुमच्या खिशातून आधी गेलेले असतात. म्हणूनच इथे आधी प्रोफॉर्मा (पक्क्या बिलाआधीचं कच्चं बिल) पाठवायची रीत पडली आहे. मात्र काम झाल्यापासून ३० दिवसांत खरं बिल निघायला हवं, तेव्हा ही रीत ताणायलाही मर्यादा आहे. प्रोफॉर्माचं एका क्लिकमध्ये बिल होतं का, ही माझी दुसरी परीक्षा.

तिसरी, थकबाकी दिवसांप्रमाणे दिसते का : ३० च्या आतली, ६० च्या आतली, ९० च्या पुढची. उद्यम नोंदणी (सरकारकडची छोट्या उद्योगांची नोंदणी) केलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला लेखी करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावेत असं २००६ चा एमएसएमई विकास कायदा सांगतो. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढीने व्याज. ते व्याज मागणारा फ्रीलान्सर विरळाच, कारण मागितलं की पुढचं काम गेलं. पण आयकरातलं ४३बी(एच) हे कलम आल्यापासून चक्र थोडं फिरलंय. मुदतीत पैसे दिले नाहीत तर क्लायंटला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच मिळतो. मार्च एंडला अकाउंट्सवाले स्वतःहून उद्यम नंबर मागू लागले ते उगाच नाही. तो नंबर बिलावर छापा, देय तारीख ठळक लिहा. भांडण न करता एवढं करता येतं, आणि त्याचा तगाद्यापेक्षा जास्त उपयोग होतो.

तासांबद्दल तुम्ही मला उलटं वाचलंत. ते क्लायंटला दाखवायचे नाहीतच. लोगोचे २५,००० ठरले. तुमच्या अंदाजाने काम २० तासांचं, म्हणजे तासाला १,२५०. मग ‘निळा जरा वेगळा बघूया का’ सुरू होतं, साहेबांच्या मिसेसना फॉन्ट आवडत नाही, आणि मीटिंगसाठी मुलुंडहून स्लो लोकलने करी रोड, तिथून पायी लोअर परळ, आणि परत. या प्रवासाची ओळ कुठल्याच बिलात नसते. तास ४० वर गेले की दर ६२५ वर येतो. हे नोंदलं नाही तर पुढचं कोटेशनही २५,००० चंच जातं. रिटेनरवर, म्हणजे दरमहा ठरलेल्या रकमेवर, असाल तर आणखी बिकट, कारण तिथे काम महिन्यागणिक हळूहळू सुजत जातं आणि रक्कम तीच राहते. टॉगल किंवा क्लॉकिफाय ही तास नोंदवायची ॲप्स मोफत वापरता येतात. टायमर दाबायला विसरत असाल तर रात्री झोपण्याआधी अर्ध्या अर्ध्या तासाच्या हिशेबाने लिहा. मला तरी तेवढी अचूकता पुरते.

क्लायंट सांभाळण्याच्या भागावर मी फार वेळ घालवणार नाही. रंगीत पाट्यांवर ‘लीड’ (संभाव्य गिऱ्हाईक) सरकवायची ती सोय सेल्सची टीम असलेल्यांसाठी, आपलं सगळं व्हॉट्सॲपवर चालतं. फक्त दारावरच्या पाटीवरचं नाव आणि पीओवरचं कंपनीचं नाव बहुतेकदा वेगळं असतं. हे पीओवरचं नाव, जीएसटी नंबर आणि अकाउंट्सचा मेल एका जागी असले की झालं.

दरमहा पैसे भरण्याबद्दल : चेन्नईच्या झोहो कंपनीचं ‘इन्व्हॉइस’ हे बिलाचं सॉफ्टवेअर मोफत आहे, तेव्हा हा आक्षेप सगळ्यांना लागू नाही. परदेशी सबस्क्रिप्शनला मात्र माझाही विरोध आहे, आणि तो केवळ डॉलरमुळे नाही. कार्डावरून आपोआप पैसे कापण्यावर रिझर्व्ह बँकेचे नवे नियम १ ऑक्टोबर २०२१ ला आले तेव्हा कित्येकांची परदेशी सबस्क्रिप्शनं अडकली. इंट्यूट कंपनीने तर २०२३ मध्ये क्विकबुक्स हे आपलं हिशेबाचं सॉफ्टवेअर भारतात बंदच केलं. लोकांना वर्षावर्षांच्या नोंदी उचलून दुसरीकडे न्याव्या लागल्या. जीएसटीचे कागद वार्षिक विवरणाच्या देय तारखेपासून ७२ महिने जपायचे असतात, कंपनी तोवर इथे असो वा नसो. दर तिमाहीला सगळी बिलं पीडीएफमध्ये आणि यादी सीएसव्हीमध्ये उतरवून स्वतःच्या डिस्कवर ठेवा. ज्या सॉफ्टवेअरात हे जमत नाही ते फुकट मिळालं तरी नको.

तुमच्या शीटपुरतं सांगायचं तर तिच्यात तीन रकाने वाढवा : कापलेला टीडीएस, २६एएसमध्ये दिसला का, आणि देय तारीख. २० लाखांच्या जवळ पोचलात की सॉफ्टवेअरकडे वळा, शक्यतो १ एप्रिलला, म्हणजे नव्या वर्षाची बिलांची साखळी तिथूनच सुरू होईल. आधीची येणी जुन्या शीटमध्येच वसूल होऊ द्या. ती नव्या ठिकाणी पुन्हा बिल म्हणून चढवलीत, तर तेच उत्पन्न दोन वर्षांत दोनदा दिसेल आणि तुमचे सीए जुलैत फोन करतील.