उत्तर मागच्या पानावर आहेच

बारावीला प्रॉबॅबिलिटी डिस्ट्रिब्युशनचा, म्हणजे कुठल्या निकालाची शक्यता किती याच्या वाटणीचा, धडा असतो आणि धड्याखाली सरावाची उदाहरणं असतात. सराव या शब्दाला घाबरू नका. सांगलीत विश्रामबागेतल्या एका खोलीत मी बरीच वर्षं शिकवण्या घेतोय. हा धडा न समजता पार करायची एक रीत आमच्या पोरांनी इतकी पक्की करून ठेवली आहे, की ती कुठंतरी लिहून ठेवली नाही तर पुढच्या बॅचला उगाच विचार करत बसावं लागेल.

आधी मागचं पान उघडा. पेटीत दहा बल्ब, तीन खराब, दोन काढले, तर खराब बल्बांची अपेक्षित संख्या किती? मागं लिहिलंय ०.६. आता फक्त ०.६ पर्यंत पोचायचं. दोन गुणिले तीन भागिले दहा, आलं! पहिला बल्ब पेटीत परत ठेवला का, हे वाचायचे कष्ट घेऊ नका. ठेवला काय नि न ठेवला काय, अपेक्षित मूल्य तेच येतं. खरंच येतं, इथं मी चेष्टा करत नाही. पुढच्या ओळीत व्हेरियन्स, म्हणजे उत्तरं सरासरीभोवती किती विखुरतात ते, विचारलं की ठेवल्यास ०.४२ आणि न ठेवल्यास ०.३७ अशी फारकत होते, पण पुढची ओळ वाचणार कोण?

एक्स म्हणजे काय मोजतोय, हे चुकूनही लिहू नका. दोन नाणी उडवली, छापा शून्य वेळा, एकदा किंवा दोनदा. तीन शक्यता, प्रत्येकीला एक तृतीयांश, सगळ्यांना सारखा न्याय. कुणी म्हणालं की एकदा छापा दोन वाटांनी येतो, म्हणून त्याला अर्धा द्यावा लागतो, तर त्याला दालांबेरचं नाव सांगा. या थोर फ्रेंच गणितज्ञानं १७५४ साली फ्रेंच विश्वकोशात जवळपास हीच गफलत छापून आणली. दोन फेकींत निदान एकदा छापा पडायची शक्यता त्याच्या हिशेबानं दोन तृतीयांश. असते तीन चतुर्थांश. एवढ्या मोठ्या माणसानं केलेली चूक आपण केली की ती चूक राहत नाही, घराणं होतं.

मग शक्यतांच्या तक्त्यातला अज्ञात 'के' काढायची उदाहरणं. सगळ्या शक्यतांची बेरीज एक धरली की वर्गसमीकरण येतं, दहा के वर्ग अधिक नऊ के बरोबर एक. उत्तरं दोन, एक दशांश आणि उणे एक. दोन्ही लिहा, कुठलं तरी बरोबर असेलच. गेल्या साली एकानं उणे एक ठेवून अख्खा तक्ता भरला. उणे एक शक्यता म्हणजे काय रे, असं विचारलं तर म्हणाला, "सर, म्हणजे अजिबातच होणार नाही." शून्याहूनही नाही! मी गप्प बसलो. सांगलीत काही रस्त्यांची कामं बघितली की त्याचं पटतंसुद्धा.

फाशाचं अपेक्षित मूल्य ३.५ येतं, तेव्हा हमखास एक हात वर होतो. सर, साडेतीन तर फाशावर नाहीच. तुम्ही हात वर करू नका. ज्या महाराष्ट्रात मुहूर्त साडेतीन, शक्तिपीठं साडेतीन, तिथं फाशानं तरी वेगळं काय द्यावं? हजार वेळा टाकून सरासरी काढली तर ती साडेतीनच्या आसपास घुटमळते, असलं सांगणारा मास्तर भेटला तर शिकवणी बदला.

सीईटी देणाऱ्यांनी तर धडाच सोडावा. गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण, चार पर्याय, चुकलं तरी गुण कापत नाहीत. डोळे मिटून पर्याय निवडले तर अपेक्षित बरोबर उत्तरं साडेबारा, म्हणजे २५ गुण फुकट. प्रमाण विचलन, म्हणजे व्हेरियन्सचं वर्गमूळ, तीनच्या आसपास, त्यामुळं अशा तीन पोरांमागं साधारण दोघांची दहा ते पंधरा उत्तरं बरोबर येणार. हे गणित करायला हाच धडा यावा लागतो, तेवढीच एक अडचण.

व्हेरियन्सकडं ढुंकून बघू नका, सरासरी कळली की सगळं कळलं. पावसाळ्यात आमच्याकडं दूधवाल्यापासून डॉक्टरपर्यंत एकच प्रश्न असतो, "आयर्विनला किती फूट?" म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती चढलं. ४० ला इशारा, ४५ ला धोका, आणि २०१९ ला पाणी ५७ च्या वर गेलं. कशाला घाबरायचं? बारा महिन्यांची सरासरी काढली तर कृष्णामाई अगदी गुणी नदी आहे. (पाण्याची पातळी डिस्क्रीट, म्हणजे एक-दोन-तीन अशी सुटी मोजता येणारी, नसते, असं कुणी काढेल. काढू दे, तो बहुतेक पुराच्या पट्ट्याबाहेर राहतो.)

आणि एका प्रकारच्या पोरांपासून लांब राहा. कॉमर्सची एक मुलगी येते माझ्याकडं. पॉयसनचं, म्हणजे एखादी गोष्ट किती वेळा येईल याची शक्यता नुसत्या सरासरीवरून काढायचं, उदाहरण घरी करायला दिलं, तर हिनं भडंगाचा पुडा आणला आणि दोन संध्याकाळी गच्चीवर बसून पन्नास बकाणे मारले. प्रत्येक बकाण्याआधी शेंगदाणे मोजले. पुड्याच्याच तेलकट कागदावर पेनानं रकाने पाडलेले, शून्य, एक, दोन, तीन, आणि खाली पाच-पाचाच्या काड्या. कडेला हळदीच्या बोटाचा ठसा.

"सर, बकाण्याला सरासरी दोन शेंगदाणे पडले. सूत्रानं शून्य शेंगदाण्याची शक्यता ०.१३५ येते, म्हणजे पन्नासात पावणेसात बकाणे कोरडे जायला पाहिजेत. माझे आठ गेले. चालतंय का?"

सवयीनं मी मागचं पान उघडलं. भडंगाचं उत्तर तिथं नव्हतं.