डाळीतल्या खड्यांसाठी कुणी तोफा फिरवत नाही

जळगावच्या आमच्या गटात परवा पुन्हा तोच मजकूर आला. १९४६ चं ब्रिटिशांच्या हिंदी नौदलातल्या नाविकांचं बंड म्हणजे 'तलवार' जहाजावर डाळीवरून झालेलं भांडण, स्वातंत्र्याशी संबंध नाही, ते मुंबईपुरतंच होतं आणि शेवटी घाबरून सगळे शरण गेले. खाली पन्नास अंगठे. वाचून फार वाईट वाटलं.

आधी हे की 'तलवार' जहाज नव्हतं. कुलाब्यातलं संदेशवहनाचं प्रशिक्षण केंद्र होतं ते.

आता डाळ. १८ फेब्रुवारीला नाविकांनी जेवण नाकारलं, हे खरं. पण त्याआधीच डिसेंबरात त्याच केंद्राच्या भिंतींवर 'जय हिंद', 'चले जाव' रंगवलेलं होतं. त्यासाठी तिथले नाविक बी. सी. दत्त फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच पकडले गेले होते. केंद्रप्रमुख कमांडर किंगनं नाविकांना आईबापावरून दिलेल्या शिव्या वेगळ्याच. आपल्याकडे सालदार ताट सारतो ते भाकर शिळी म्हणून नाही. भाकरीसोबत फेकलेला शब्द त्याला गिळवत नाही. नाविकांच्या मागण्या वाचा ना! चांगलं जेवण आणि गोऱ्यांइतका पगार आहेच, पण आझाद हिंद सेनेच्या कैद्यांची सुटका आणि इंडोनेशियातून भारतीय फौज परत बोलवा, हेही आहे. इंडोनेशियाचा डाळीशी काय संबंध?

मुंबईपुरतं? ७८ जहाजं, सुमारे २० हजार नाविक. कराचीत 'हिंदुस्थान' जहाजावरून तोफा डागल्या गेल्या. मुंबईत लोकांनी गेटवेपाशी नाविकांसाठी जेवणाचे डबे आणले, गिरण्या बंद पडल्या, गोळीबारात दोनशेहून जास्त माणसं गेली. परळच्या कमल दोंदे त्यातल्याच. १९४२ च्या लढ्यात गोळीबारात गेलेल्या नंदुरबारच्या शिरीषकुमारला दर ९ सप्टेंबरला हात जोडणाऱ्या आपल्या खान्देशानं तरी हे रक्त भांडणाच्या खात्यात टाकू नये.

उलट बाजूचं अतिरंजितही मला मान्य नाही. याच बंडामुळे ब्रिटिशांनी सत्तांतराच्या वाटाघाटींसाठी कॅबिनेट मिशन पाठवलं, असं काहीजण म्हणतात. घोषणा १९ फेब्रुवारीची आहे, पण निर्णय जानेवारीतच झाला होता.

राहिली शरणागती. आरमार बुडालं तरी चालेल, अशी धमकी नौदलप्रमुख ॲडमिरल गॉडफ्रेनं दिली तेव्हाही नाविक हटले नाहीत. २३ तारखेला त्यांनी शस्त्रं ठेवली ती सरदार पटेलांच्या सांगण्यावरून, कुणावर सूड उगवू दिला जाणार नाही या शब्दावर. तरी शेकडो जण बडतर्फ झाले. दीड वर्षानं देश स्वतंत्र झाला, पण त्यांना ना भारताच्या नौदलानं परत घेतलं, ना पाकिस्तानच्या.