आजोबांचं रिव्हॉल्वर, पॉलिश आणि लाखो रुपये

सध्या आपल्या ग्वाल्हेरच्या मराठी ग्रुप्सवर एक मेसेज जोरात फिरतोय, की घरात जुनं ब्रिटिश रिव्हॉल्वर असेल तर शंभर वर्षांनी ते अँटिक होतं, मग लायसन्स लागत नाही, मस्त पॉलिश करून घ्या आणि परदेशातल्या संग्राहकाला विका, जितकं जुनं तितके जास्त लाख. इथे ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या सरदार घरांत दसऱ्याच्या शस्त्रपूजेला असं एखादं हत्यार अजून निघतं, त्यामुळे कोणीतरी हे वाचून खरंच तसं करून बसेल अशी मला भीती वाटते, म्हणून लिहितोय.

लायसन्सचं आधी. शंभर वर्षांचा आकडा 1972 च्या पुरावस्तू कायद्यातला आहे, आर्म्स ॲक्टमधला नाही! 1959 च्या आर्म्स ॲक्टच्या कलम 45 मधे जुन्या हत्यारांना सूट आहे, पण ते दुरुस्त करूनही चालण्यासारखं नसेल तरच. 1915 चं वेब्ली (जुनं ब्रिटिश बनावटीचं रिव्हॉल्वर) असलं तरी चालू स्थितीत असेल तर लायसन्स हवंच, नाहीतर 2019 च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी दोन वर्षं शिक्षा आहे. आणि लायसन्स असलं तरी, वारशाने आलेली धरूनही एका माणसाकडे दोनच बंदुका-पिस्तुलं ठेवता येतात. आणि गंमत नाही हं ही, ज्या पुरावस्तू कायद्याच्या जोरावर मेसेजवाले बोलतात तोच कायदा खासगी माणसाला अशी वस्तू देशाबाहेर पाठवू देत नाही, म्हणजे परदेशी गिऱ्हाईक तिथेच कटलं.

आता पॉलिश, यावर मी खरंच कळवळून सांगतो, नका करू! जुन्या रिव्हॉल्वरची किंमत कारखान्यातल्या मूळ ब्लूइंगमधे, म्हणजे पोलादावर चढवलेल्या निळसर-काळ्या थरात असते. अमेरिकेत एनआरए या बंदूकधारकांच्या संघटनेच्या मापात अँटिक हत्यार 'एक्सलंट' म्हणवायला 80 टक्क्यांहून जास्त मूळ फिनिश शिल्लक असावं लागतं. बफ मारलेलं (मशीनवर घासून चकचकीत केलेलं) जाणकाराला लगेच कळतं, कडा गोल झालेल्या असतात, स्क्रूच्या भोकांभोवती बशीसारखा खळगा पडतो, बर्मिंगहॅम प्रूफ हाउसचे (तिथे हत्यार तपासून पास करतात) ठसे पुसट होतात आणि चकचकीत काळ्या रंगाखाली गंजाचे बारीक खड्डे तसेच दिसतात. स्मिथ अँड वेसन या अमेरिकन कंपनीच्या रिव्हॉल्वरचा चाप आणि घोडा कारखान्यातून तपकिरी-निळसर ढगाळ छटांचा येतो, तो जर नळीइतकाच काळाभोर दिसला तर समजायचं की कोणीतरी सगळंच एकदम रंगवलंय. जुनं नाणं चिंचेने घासल्यावर जे होतं तेच इथे होतं, मूळ पृष्ठभाग एकदा गेला की कितीही पैसे ओतले तरी परत येत नाही. त्यापेक्षा झिजून करडं पडलेलं पण हात न लावलेलं रिव्हॉल्वर केव्हाही चांगलं.

नंबर पण बघा. स्मिथ अँड वेसनच्या जुन्या पिसेसमधे मुठीखाली, सिलिंडरच्या मागे आणि नळीच्या खालच्या सपाट भागावर तोच नंबर हवा, एक जरी वेगळा निघाला तरी किंमत उतरते.

जुनं म्हणजे महाग? आपल्याकडे नाही. जुन्या ब्रिटिश फौजी रिव्हॉल्वरचं .455 बोर (नळीचं माप) प्रोहिबिटेड आहे, साध्या लायसन्सवर घेताच येत नाही, त्यामुळे घेणारे मोजकेच. उलट विलायती .32 बोरचं रिव्हॉल्वर वयाने कितीतरी लहान असलं तरी जास्त भावाने जातं, कारण ते साध्या लायसन्सवर बसतं आणि ऐंशीच्या दशकात खासगी आयात बंद झाल्यापासून नवीन माल येतच नाही.

आणि 'ब्रिटिश' वाचून हुरळून जाऊ नका. 'ब्रिटिश बुलडॉग' (आखूड नळीच्या खिशातल्या रिव्हॉल्वरचं नाव) असं चक्क कोरलेली कितीतरी रिव्हॉल्वर्स बेल्जियमची नक्कल असतात. सिलिंडरवर अंडाकृती चौकटीत ईएलजी (ELG) ही अक्षरं दिसली तर ती बेल्जियममधल्या लिएज शहराची, आणि अशी ढिगाने बनली.

मग करायचं काय, तर आधी सिलिंडर रिकामं आहे ना ते लायसन्सवाल्या डीलरकडून बघून घ्या, कागद कोणाच्या नावावर आहेत ते काढा, आणि कातडी होल्स्टरमधे ठेवलं असेल तर आजच बाहेर काढा, कातडं ओल धरतं आणि ब्लूइंग खातं. तेलाचा हात फिरवून सुती कापडात गुंडाळा, बाकी काही करू नका.