हॅलोवीनचा खाऊ: बिया अधिक, खजूर कमी

ऑक्टोबर उजाडला की अमेरिकेतल्या आमच्या पालकमंडळींत ओव्हन न लावता करायच्या ‘पौष्टिक’ हॅलोवीन खाऊच्या कृती फिरू लागतात. (हॅलोवीन म्हणजे ३१ ऑक्टोबरचा सण: भुते आणि भोपळे यांची सजावट असते आणि मुले वेष चढवून दारोदार खाऊ मागत फिरतात.) सुकामेवा आणि बिया वाटून वळलेले हे गोळे मला मनापासून आवडतात. डिंकाच्या लाडवांवर वाढलेल्या माणसाला त्यात फारशी नवलाईही नाही. मात्र साखरेचा डबा उघडला नाही, एवढ्यावरून त्यांना पौष्टिक ठरवणे मला मान्य नाही. खजुराच्या वजनाचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग साखरच असतो, बाजारातल्या सुक्या क्रॅनबेरीत बहुधा वरून साखर घातलेली असते, आणि मनुका दातांना चिकटून बसतात.

म्हणून माझा आग्रह बियांचा आहे. एक वाटी खजुराला निदान दीड वाटी बिया घ्याव्यात. भोपळ्याच्या सोललेल्या हिरव्या बिया आणि सूर्यफुलाच्या बिया कढईत मंद आचेवर कोरड्याच भाजून, पूर्ण गार झाल्यावर भरड वाटाव्यात. गरम असताना वाटल्या तर तेल सुटून मिश्रण चिकट होते. त्यात बिया काढलेला मऊ खजूर, दोन चमचे कोको आणि चिमूटभर मीठ घालून पुन्हा फिरवले की गोळे सहज वळतात. हेच गोळे सुक्या खोबऱ्याच्या किसात घोळवले की त्यांची भुते होतात. छोट्या भोपळ्यांसाठी कोकोऐवजी जर्दाळू घालावेत, काडीने उभ्या रेघा ओढाव्यात आणि देठाच्या जागी एक हिरवी बी खोचावी. इथे जर्दाळू गंधकाची प्रक्रिया केलेलेच घ्यावे लागतात, कारण प्रक्रिया न केलेले तपकिरी असतात आणि त्यांचा भोपळा ओळखू येत नाही. ज्यांना गंधक सोसत नाही, त्यांनी भुतांवरच समाधान मानावे.

शाळेत डबा पाठवायचा असेल तर बदाम-काजू टाळणारे पालक तीळ मात्र निर्धास्तपणे वापरतात. १ जानेवारी २०२३ पासून अमेरिकेत तिळाचाही प्रमुख ॲलर्जीकारक पदार्थांच्या यादीत समावेश झालेला आहे, तेव्हा आधी विचारलेले बरे. चार वर्षांखालच्या मुलांना अख्ख्या बिया देऊ नयेत, त्या घशात अडकू शकतात. त्यांच्या गोळ्यांसाठी बियांची अगदी बारीक पूड करावी.

एवढे करूनही हे गोळे दारावर येणाऱ्या मुलांना वाटू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. टेक्ससमध्ये १९७४ साली रोनाल्ड ओब्रायन याने विम्याच्या पैशांसाठी स्वतःच्याच मुलाला हॅलोवीनच्या खाऊतून सायनाइड दिले, आणि अनोळखी घरच्या खाऊबद्दल आधीच असलेली भीती अधिक पक्की झाली. अनोळखी माणसाने दिलेल्या विषारी खाऊमुळे मूल दगावल्याची एकही खात्रीलायक घटना सापडत नाही, असे या विषयाचा दीर्घकाळ पाठपुरावा करणारे समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट सांगतात. तरीही बंद वेष्टन नसलेला खाऊ बहुतेक पालक टाकून देतात, आणि त्यात घटक कोणते हे कळत नसल्याने ॲलर्जी असलेल्या मुलाच्या आईला त्याबद्दल दोष देता येत नाही. दारासाठी बंद पाकिटे किंवा स्टिकरच ठेवावेत.

या गोळ्यांची खरी वेळ संध्याकाळी साडेपाचची, मुले पोशाख चढवून बाहेर पडण्याआधीची. दोन गोळे आणि दूध पोटात गेले की रस्त्यातच पिशवी फोडण्याची घाई कमी होते. परत आल्यावर त्यांनी आपले चॉकलेट खुशाल खावे. त्यावर खजुराचे व्याख्यान देऊ नये.