रिंगणी, आत्या आणि माझा अंगठा

खोकला झाला की माणसाने गुपचूप खोकावं, निदान आत्याचा फोन चालू असताना तरी नाही. मी खोकलो. "किती दिवसांचा रे हा?" म्हटलं तीन आठवडे, सिरपच्या दोन बाटल्या संपल्या. "फेकून दे त्या. भुईरिंगणी आण मुळासकट आणि काढा कर." काष्ठौषधीवाल्याकडे मिळते की गं, तर म्हणे त्याच्याकडची कुठल्या सालची वाळलेली असते देव जाणे, ओली आण, माळावर पायाखाली असते.

पायाखाली असते हे अगदी खरं निघालं. सासवडकडच्या एका माळावर स्कूटर लावली, दहा पावलं गेलो आणि स्लिपरमधून काहीतरी थेट टाचेत. खाली बघतो तर बाईसाहेब जमिनीला चिकटून ऐसपैस पसरलेल्या. वांग्याच्याच घराण्यातल्या, फूल तसंच जांभळं, मधे पिवळे केसर, आणि कच्ची फळं म्हणजे गोटीएवढी कलिंगडं, हिरव्यावर पांढरे पट्टे. फोटोला एक नंबर. पण हात कुठे लावायचा? खोडावर काटे, देठावर काटे, पानाच्या शिरेवर वरून काटे आणि खालूनपण काटे, म्हणजे पान उलटं धरावं म्हटलं तर तीही सोय नाही! संस्कृतात हिला कंटकारी म्हणतात, व्याघ्री म्हणतात आणि दुःस्पर्शा पण म्हणतात, हे मला घरी आल्यावर कळलं.

शेळ्या राखणारे एक आजोबा माझा रुमाल गुंडाळून चाललेला खेळ बराच वेळ बघत होते. शेवटी आले, काठीने झुडूप दाबलं, खुरप्याने मूळ सोडवलं, अर्ध्या मिनिटात काम. "नोकरी हापिसात व्हय?" एवढंच विचारलं.

कॅरीबॅग स्कूटरच्या हुकला लावली. काटे बॅगेतून बाहेर आलेच होते, घरापर्यंत प्रत्येक स्पीडब्रेकरला गुडघ्याला एक टोचा, आणि पुण्यात स्पीडब्रेकर किती आहेत ते मी आता न मोजता सांगू शकतो.

मग मूळ, खोड, पान, फूल, फळ सगळं धुऊन, कुटून (इथे अंगठा गेला), चार कप पाण्याचा एक कप होईपर्यंत आटवलं, वर पिंपळीची पूड. चव? आधी कडू, मग तिखट, मग पूर्वज दिसतात. मुलगी किचनचं दार लावून घेऊन हॉलमध्ये बसली.

चौथ्या दिवशी खोकला कमी झाला. बायको म्हणते तो तसाही जाणारच होता. आत्याला हे कोण सांगणार, ती तिकडे गल्लीभर सांगत सुटलीये.

अंगठा मात्र सुजला. काटा आत मोडलेला, सुईने निघेना. शेवटी परत आत्यालाच फोन.

"त्यात काय एवढं, रुईचा चीक लाव, काटा आपोआप वर येतो. डोळ्याला हात लावू नको फक्त."

"रुई कुठे मिळेल गं?"

"अरे तिथेच, माळावर. रिंगणीच्या शेजारी बघ."