मागचा ऋतू कुणी उचलायचा?

माघ उतरणीला लागला की पुण्याच्या हवेचा काही भरवसा उरत नाही. पहाटे पारा १२-१३ अंशांवर, दुपारी ३२ वर. कारण साधं आहे. हवा कोरडी आणि आभाळ स्वच्छ, त्यामुळे दिवसभर तापलेली जमीन रात्री सगळी ऊब वर सोडून मोकळी होते. ती अडवायला ढगांचं पांघरूण नसतं. हे शास्त्र घरी बसून वाचायला छान आहे. पण सहकुटुंब सिंहगड चढायचा ठरला की त्याच शास्त्राचं ओझं होतं. अक्षरशः. पाच-सहा किलो सहज भरतं.

आमच्या घरात थंडी आहे की नाही हे थर्मामीटर ठरवत नाही, आई ठरवते. "शिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत जाते, त्याच्या आधी नाही," हा तिचा पंचांगसिद्ध निकाल. त्यामुळे रविवारी पहाटे स्वारगेटला ५० नंबरच्या बसची वाट बघत आम्ही उभे होतो ते स्वेटर, जॅकेट, शाल, कानटोप्या आणि त्या सगळ्यांतून येणारा डांबराच्या गोळ्यांचा वास यांसह. मेव्हणा आईच्या बाजूनं होता. त्याचं म्हणणं, उंचीवर दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी हवा गार होते. गड आतकरवाडीपासून सहाएकशे मीटर वर. म्हणजे चार अंश कमी! मधल्या काळात सूर्य नावाचा एक गृहस्थही वर चढणार आहे, हे त्याच्या हिशेबात नव्हतं.

पायथ्याशी उतरलो तेव्हा मात्र सगळे कुडकुडत होते. टपरीवर चहा झाला. अशा वेळी आईच्या चेहऱ्याकडे बघायचं नसतं.

पहिला चढ संपेस्तोवर धाकट्याची कानटोपी गेली. गेली म्हणजे माझ्याकडे आली. कपडे हवाली करण्याची प्रत्येकाची आपापली रीत असते. थोरली म्हणते, "बाबा, एक मिनिट धर ना." हे मिनिट पायथ्याशी परत आल्यावरच संपतं. धाकटा काही म्हणत नाही. स्वेटर दगडावर टाकून पुढे पळतो आणि तो कुणीतरी उचलेल यावर त्याची श्रद्धा असते. बायको बोलता बोलता, मुद्दा न सोडता, जॅकेट माझ्या खांद्यावर अडकवते; हे तिचं तिलाही कळत नसावं. मेव्हण्यानं जॅकेटच्या बाह्या ऐटीत कमरेला बांधल्या होत्या. वीस पावलांत गाठ सुटली. "दाजी, तुमच्याकडे एवढं आहेच, त्यात हे एक."

थोडक्यात, ज्याचे हात रिकामे, तो घरातली खुंटी. आणि माझे हात का कोण जाणे, नेहमी रिकामे सापडतात. आई तेवढी कशालाच हात लावत नाही. स्वेटरवर शाल, शालीवर ऊन, आणि वर सिद्धान्त: "घाम बाहेर आला की थंडी आत शिरते."

वाटेत पाठीवर भली मोठी सॅक घेतलेला एक तरुण भेटला. हिमालयातल्या ट्रेकच्या सरावासाठी सिंहगडावर वजन घेऊन चढणारी ही मंडळी रविवारी हमखास दिसतात. त्यानं मला आदरानं वाट दिली आणि विचारलं, "काका, कुठल्या शिखराची तयारी?"

तानाजी मालुसरे हा गड चढले ते याच दिवसांत, ४ फेब्रुवारी १६७० ला, माघ वद्य नवमीच्या रात्री. त्या पराक्रमाबद्दल आपण काय बोलणार, हातच जोडायचे. (माझे तेव्हा जोडण्याच्या अवस्थेत नव्हते.) पण माघात चढायचं तर रात्री चढावं, हा धडा आमच्या घरानं इतिहासातून अजून घेतलेला नाही.

गडाची वाट या दिवसांत उघडी असते. गवत वाळून पिवळंधमक, मधूनच पान नसलेला पांगारा नाहीतर काटेसावर लालभडक फुललेली. मेव्हण्यानं दोन्हींना पळस म्हणून घोषित केलं. ते चालून गेलं असतं. खरी गोम त्या गवतात होती. माझ्या काखोटीतून लोंबणारी लोकरीची बाही गवतावरून सरपटत होती आणि वाटेतलं प्रत्येक कुसळ तिच्यात शिरत होतं. कुसळ नीट पाहण्यासारखी गोष्ट आहे. टोकाला बारीक उलटी लव असते, त्यामुळे ते पुढे जातं, मागे येत नाही. म्हणजे स्वभावानं आमच्या आईसारखंच, पण हे मी मोठ्यानं म्हणालो नाही.

पुणे दरवाजातून आत गेलो तेव्हा ऊन टाळूवर आलं होतं. पिठलं-भाकरी, ठेचा, कांदाभजी, सगळं रीतसर झालं. मग मडक्यातलं दही. मुलं हात पुढे करणार तोच आई कडाडली, "थंडीत दही? घसा धरेल!" कपाळावरचा घाम पदरानं पुसत म्हणाली. बायकोनं न ऐकल्यासारखं करून मडकी मागवली. दहीवाल्या मावशी मात्र माझ्याकडेच बघत होत्या. शेवटी राहवेना त्यांना. "दादा, स्वेटर कसे दिले?"

उतरताना भाव दीडशेपर्यंत चढला होता. चढवणारा मेव्हणा होता.

परतीच्या बसमध्ये खिडकीतून वारा लागला आणि आईनं मफलर मागितला. तो अर्थातच पिशवीच्या तळाशी होता. तिथवर पोचायला सगळी लोकर मांडीवर उपसावी लागली. शेजारच्या आजोबांनी थोडं सरकून बसत विचारलं, "कुठे, काश्मीरला होता का?"

रात्री धाकटा शिंकला. आई म्हणाली, स्वेटर काढला म्हणून. बायको म्हणाली, उन्हात फिरला म्हणून. मेव्हण्यानं फोनवरून तापमानातला फरक अंशांत सांगितला. तिघांचं एकाच गोष्टीवर एकमत झालं, ते म्हणजे मी बरोबर असताना हे झालंच कसं. मग आईनं पोराला धरून तोच स्वेटर त्याच्या डोक्यातून घातला. पुढच्या क्षणी तो असा किंचाळला की खालच्या मजल्यावरचे काका जिन्यात आले. कुसळं!

दिव्याखाली चिमटा घेऊन मी एकेक कुसळ उपटत बसलो. थोरली म्हणाली, "बाबा, पुढच्या रविवारी पर्वती? तिथे गवत नाही."

"जाऊ या की," आई आतून म्हणाली, "पण गरम कपडे घ्या. शिवरात्र व्हायचीय अजून."